स्पाइक–बफी की डेमन–एलेना: आधी कुठलं प्रकरण हाती घ्यावं?

माझ्या मावसबहिणीचा नोटीस पिरियड संपला आणि नव्या नोकरीत रुजू व्हायला सहा आठवडे उरले. फिरायला जावं तर सोबतीला कोणी नाही, घरी बसावं तर मावशी रोज एक स्थळ काढणार. मग मला फोन. ‘‘ताई, व्हॅम्पायरवाली एक मालिका सांग. एकच. आणि जोडी अशी हवी की रात्री दोन वाजता ‘अजून एकच एपिसोड’ असं झालं पाहिजे.’’

अशा वेळी दोनच नावं तोंडावर येतात. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’मधले स्पाइक आणि बफी, आणि ‘द व्हॅम्पायर डायरीज’मधले डेमन आणि एलेना. फॅन लोकांच्या भाषेत स्पफी आणि डेलेना. तिला फोनवर चार-पाच दिवस तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते. पुढे सगळं फोडलेलं आहे. एक मालिका 2003 मध्ये संपली, दुसरी 2017 मध्ये, त्यामुळे स्पॉयलरबद्दल माफी मागणार नाही. शिवाय या दोन्ही जोड्यांची गंमत ‘काय होतं’ यात फारशी नाहीच.

साचा दोन्हीकडे एकच आहे. नायिका कोवळ्या वयाची. तिच्या आयुष्यात आधी येतो तो गुणी व्हॅम्पायर: गप्प, खिन्न, केलेल्या पापांचं गाठोडं खांद्यावर घेऊन फिरणारा, माणसाच्या रक्ताला शक्यतो न शिवणारा. बफीचा एंजल, एलेनाचा स्टेफन. मग येतो दुसरा. तोंडाळ, काळ्या लेदरमध्ये वावरणारा, कशाचीच लाज नसलेला. नायिका पहिल्याच्या मिठीत आणि बघणाऱ्यांचा जीव दुसऱ्यात, असा खेळ सुरू होतो. लेखकही त्यात वाहवत जातात. स्पाइकला तर थोड्या एपिसोडांत मारून टाकायचं ठरलं होतं. तो लोकांना इतका आवडला की शेवटच्या एपिसोडापर्यंत टिकला.

म्हणून बरेच जण म्हणतात, डेमन म्हणजे स्पाइकचीच नवी आवृत्ती. कुठलीही बघ, एकच आहे. मला हे अजिबात पटत नाही. साचा एक असला तरी आतलं पीठ निराळं आहे, आणि ते कळायला एकच प्रश्न पुरतो: या प्रेमात कोणाला काय आठवतं?

त्याआधी वेळेचा हिशोब उरकते. ‘बफी’ 10 मार्च 1997 ते 20 मे 2003, सात सीझन, 144 एपिसोड. सगळे मिळून शंभर तासांच्या थोडे वर. ‘डायरीज’ 10 सप्टेंबर 2009 ते 10 मार्च 2017, आठ सीझन, 171 एपिसोड; एकशेवीस तासांच्या आसपास. सहा आठवड्यांत दोन्हींपैकी कुठलीही बसते, रोज अडीच-तीन तास दिले तर.

पण आपल्याला जोडी बघायची आहे, आणि तिथे आकडे फसवतात. डेमन पहिल्याच एपिसोडात उगवतो, कावळा आणि धुकं घेऊन. स्पाइक येतो पंधराव्या एपिसोडात, आणि बफीवर आपलं प्रेम आहे हे त्याला स्वप्नातून खडबडून जागं होताना कळतं ते ब्याऐंशीव्या. तोवर तो तिचा शत्रू असतो, मग शेजारची कटकट असतो, मधे एकदा जादूटोण्याच्या घोटाळ्यात दोघांचा साखरपुडाही होऊन मोडतो. धीर नसेल तर हे जड जातं. उलट डेलेनाचा तोटा शेवटी आहे. एलेना झालेली नीना डोब्रेव्ह सहाव्या सीझननंतर मालिका सोडून गेली. कथेत एलेनाला जादूच्या झोपेत टाकलं आणि शेवटचे दोन सीझन, म्हणजे 38 एपिसोड, डेमन एका बंद शवपेटीवर प्रेम करत बसतो. ती परत दिसते ती थेट शेवटच्या भागात. जोडीसाठी मालिका बघणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं.

आता आठवणीकडे.

‘डायरीज’मधल्या व्हॅम्पायरांना एक विद्या आहे. डोळ्यांत रोखून बघायचं आणि सांगायचं, हे तू विसरलीस. समोरचा माणूस विसरतो. व्हर्वेन नावाची वनस्पती अंगावर किंवा पोटात असेल तर त्यातून सुटका. म्हणून एलेनाच्या गळ्यात व्हर्वेन भरलेलं लॉकेट असतं. हे नुसतं कथेचं यंत्र वाटतं, पण डेलेनाचं सगळं प्रेम याच यंत्रावर चालतं.

दुसऱ्या सीझनचा आठवा एपिसोड घ्या. एलेना बाथरूममधून खोलीत येते तर डेमन खिडकीत बसलेला. हातात तिचं हरवलेलं लॉकेट. ती ते मागते. तो म्हणतो, आधी एक गोष्ट सांगायची आहे, फक्त एकदा, आणि ती तू ऐकायला हवीस. मग सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि म्हणूनच तुझ्याशी स्वार्थीपणा करता येत नाही. मी तुझ्या लायक नाही, माझा भाऊ आहे. तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. तू हे विसरायला नको होतंस असं वाटतं, म्हणतो, पण विसरावं लागेल. एक अश्रू गालावरून ओघळतो आणि पुढच्या क्षणी खिडकीचा पडदा हलतोय, खोलीत ती एकटी, लॉकेट गळ्यात परत.

डेमन झालेल्या इयान सोमरहाल्डरने हा प्रसंग इतका उत्तम केला आहे की त्या काळच्या निम्म्या मुली इथेच गारद झाल्या असणार. मीही झाले. नंतर कधीतरी, भांडी घासताना, मनात आलं: याने प्रेम कबूल केलं की स्वतःच्या मनावरचं ओझं दुसऱ्याच्या खोलीत उतरवून निघून गेला? ऐकणारीला उत्तर द्यायची सोयच नाही. तिचा नकार नको म्हणून तिची आठवणच काढून घेतली. आणि बघणाऱ्याला मात्र सगळं आठवतं. डेमनचं खरं प्रेमपत्र एलेनाला नसतं, ते आपल्याला असतं. म्हणून आपण त्याच्या बाजूने होतो आणि ती बिचारी स्टेफनबरोबर आहे म्हणून तिच्यावर चिडतो. लेखकांची ही चलाखी मला आजही आवडते.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी हीच चाल पुन्हा. एलेना स्टेफनची निवड करते, पाण्यात बुडून मरते आणि पोटात व्हॅम्पायरचं रक्त असल्याने व्हॅम्पायर म्हणून उठते. तिथे कळतं की तिला आधी भेटला होता डेमनच, आईवडिलांच्या अपघाताच्या रात्री, एका निर्मनुष्य रस्त्यावर. आणि ती भेटही त्याने पुसली होती. व्हॅम्पायर झाल्यावर पुसलेलं सगळं परत येतं. म्हणजे तिची निवड अर्ध्या कागदपत्रांवर झाली होती. सहाव्या सीझनच्या सुरुवातीला डेमन मेला असं समजून ती स्वतःच व्हॅम्पायर झालेल्या अॅलरिककडे जाते आणि म्हणते, माझं त्याच्यावरचं प्रेम पुसून टाक. तो परत येतो तेव्हा समोर उभी असते ती त्याला फक्त राक्षस म्हणून ओळखणारी मुलगी. या सीझनची कल्पना अप्रतिम आहे आणि डेलेनाला निवडायचं असेल तर याच्यासाठी निवडा.

या विद्येची दुसरी बाजूही मालिकेत आहे, फक्त ती डेलेनाच्या वाट्याला येत नाही. पहिल्या सीझनमध्ये डेमन एलेनाच्या मैत्रिणीला, कॅरोलाइनला, हवं तसं वापरतो, तिचं रक्त पितो, गळ्यावरचे वळ स्कार्फखाली लपवायला लावतो आणि तिला विसरायला लावतो. दुसऱ्या सीझनमध्ये कॅरोलाइन व्हॅम्पायर होते. शाळेच्या जत्रेत डेमनसमोर उभी राहून सांगते की मला आठवतंय, तू काय काय केलंस ते सगळं, आणि त्याला धक्का मारून लांब फरशीवर पाडते. विषय तिथेच संपतो. पुढे तो तिचा मित्रासारखा होतो. मालिकेला डेमन आवडतो, आणि आवडत्या माणसाची जुनी बिलं कोणी काढत नाही.

‘बफी’मध्ये स्पाइककडे अशी कुठलीच विद्या नाही. तो जे बोलतो ते ऐकलं जातं, जे करतो ते लक्षात राहतं. त्याची फजिती, लाचारी, गुन्हा, सगळं बफीच्या डोळ्यांदेखत आणि सगळं कायमचं. गंमत म्हणजे विसरण्याची सोय या विश्वात मिळते ती एंजलला. त्याच्या वेगळ्या मालिकेत एका दिवसापुरता तो माणूस होतो, तो आणि बफी सुखाचा दिवस घालवतात, मग तो दिवसच काळातून काढून टाकला जातो आणि आठवण फक्त त्याच्याकडे उरते. म्हणजे खरं तर डेमनचा पूर्वज स्पाइक नाहीच, एंजल आहे! हे मी एका डेलेनावालीला ऐकवलं होतं. दोन दिवस बोलली नाही.

स्पाइकचं प्रकरण समजायला पाचव्या सीझनचा सातवा एपिसोड पुरेसा आहे. बफी त्याला पैसे देऊन विचारते की तू आजवर दोन स्लेयर, म्हणजे माझ्यासारख्या व्हॅम्पायर मारणाऱ्या मुली, मारल्यास, त्या कशा मेल्या ते सांग. 1900 मधली चीनमधली, आणि 1977 मधली न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेतली, जिचा लेदर कोट तो अजून अंगावर घालून फिरतो. तो सांगतो. पण आपल्याला आणखी एक गोष्ट दिसते, जी तो तिला सांगत नाही: 1880 चं लंडन, विल्यम नावाचा बावळट कवी, यमकं शोधणारा, मेजवानीत हसं झालेला. ज्या सेसिलीवर तो कविता करतो ती त्याला सांगते, तू माझ्या पायरीचा नाहीस. तो रडत बाहेर पडतो, तिथे ड्रुसिला नावाची व्हॅम्पायर भेटते आणि विल्यमचा स्पाइक होतो.

सव्वाशे वर्षांनंतर एका गल्लीत तो बफीचं चुंबन घ्यायला पुढे होतो. ती त्याला ढकलते, ठरलेल्या नोटा त्याच्या अंगावर फेकते आणि नेमकं तेच वाक्य म्हणते. तू माझ्या पायरीचा नाहीस. स्पाइक जमिनीवर बसून रडत रडत नोटा गोळा करतो. मग घरी जाऊन बंदूक काढतो आणि तिला मारायला निघतो.

बफी घराच्या मागच्या दाराशी पायरीवर बसलेली आहे. आई आजारी आहे, तपासण्यांसाठी हॉस्पिटलात जायचंय, हे तिला नुकतंच कळलंय. ती डोळे पुसून वर बघते. स्पाइकच्या हातात बंदूक. काय झालं, तो विचारतो. बोलायचं नाहीये, ती सांगते. मी काही करू शकतो का? ती काही बोलत नाही. तो बंदूक बाजूला ठेवतो, तिच्या शेजारी बसतो आणि पाठीवर थोपटतो, अवघडून, जणू कुत्रं चावेल की काय अशा बेतानं. दोघं तसेच बसून राहतात. ज्याला दोनदा पायरी दाखवली गेली तो त्याच पायरीवर बसलेला. हा शब्दांचा खेळ मूळ इंग्रजीत नाही. आपल्या भाषेतला बोनस समजा.

पुढच्या सीझनमध्ये बफी मरून परत येते. मित्रमैत्रिणींनी जादूने उठवलेली. ती जिन्यावरून खाली येते आणि स्पाइक खाली उभा आहे.  हा तिच्या हातांकडे बघतो. बोटांची सालं निघालेली. ते कशाने झालंय हे घरात फक्त त्यालाच कळतं, कारण शवपेटी आतून फोडून बाहेर यायचा अनुभव त्यालाही आहे. मला जाऊन किती दिवस झाले, ती विचारते. काल एकशे सत्तेचाळीस होते, तो म्हणतो, आज एकशे अठ्ठेचाळीस, पण आजचा धरायचा नाही. मग कबूल करतो की त्या रात्री मी जरा लवकर, जरा चपळाईनं पोचायला हवं होतं, आणि त्यानंतर रोज रात्री मनातल्या मनात तुला वाचवतोय. स्वर्गातून ओढून आणलंय हे बफी पहिल्यांदा त्यालाच सांगते.

डेमन विसरायला लावतो, स्पाइक दिवस मोजतो. माझं मत कुठे झुकतंय हे कळलंच असेल.

तरी डेलेनाला न्याय द्यायला हवा. नुसतं बघण्याचं सुख हवं असेल तर डेमन–एलेनाला तोड नाही. पहिल्या सीझनमधला मिस मिस्टिक फॉल्स या गावातल्या सौंदर्यस्पर्धेचा नाच आठवा. स्टेफन ऐन वेळी गायब, एलेना जिन्यावरून उतरते, खाली डेमन हात पुढे करून. त्या पारंपरिक नाचाच्या पहिल्या भागात एकमेकांना स्पर्श करायचा नसतो. तळवे समोरासमोर आणि मधे एका बोटाची फट. ती फट बघत आपण श्वास रोखून धरतो. ‘बफी’कडे असला रेशमी देखणेपणा नाही. पहिला सीझन बारा एपिसोडांचा, बजेट तोकडं, राक्षस रबराचे, चित्र चौकोनी. नव्या प्रेक्षकाला पहिले काही तास हसू येतं, आणि ते साहजिक आहे.

दोन्हींकडे एक मजेशीर योगायोग आहे: नायिकेची प्रतिकृती. डेमनने कॅथरिनवर प्रेम केलं होतं 1864 मध्ये, आणि एलेना हुबेहूब तिच्यासारखी दिसते. पहिल्या सीझनच्या शेवटी दारात डेमन एलेनाशी पहिल्यांदाच हळवं बोलतो, चुंबन घेतो. थोड्या वेळात कळतं, ती एलेना नव्हतीच, परत आलेली कॅथरिन होती. इकडे स्पाइक चक्क बफीसारखा यंत्रमानव बनवून घेतो. किळसवाणं आणि विनोदी, दोन्ही. पुढे ग्लोरी नावाची देवी त्याचे हाल करते तरी बफीच्या बहिणीचं गुपित तो फोडत नाही. बफी यंत्र असल्याचं सोंग घेऊन त्याच्याकडे जाते आणि विचारते, सांगून का टाकलं नाहीस? सुजलेल्या तोंडाने तो सांगतो, खऱ्या बफीला ते सोसलं नसतं. ती हलकेच त्याचं चुंबन घेते, आणि त्या स्पर्शावरून त्याला कळतं की ही यंत्र नाही. जाताना ती बजावते की तो यंत्राचा प्रकार घाणेरडा होता, खरा नव्हता; तू आज जे केलंस ते खरं, आणि ते मी विसरणार नाही. तिकडे खोटीने खरी असल्याचं भासवून चुंबन घेतलं, इकडे खरीने खोटी असल्याचं. आणि पुन्हा तेच क्रियापद: विसरणार नाही.

आता जरा अवघड भाग.

दोन्ही जोड्यांमध्ये लेखक एकदा विचारतात, हे खरंच हिचं मन आहे की काही बिघाड? एलेना व्हॅम्पायर होते ती डेमनच्या रक्ताने, आणि चौथ्या सीझनमध्ये कळतं की त्यामुळे तिला त्याला खूश ठेवावंसं वाटतं. ज्याच्या रक्ताने जन्म, त्याचं मन राखायचं, असलं बंधन. ते उघड होतं दोघं एकत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्यांनाच मळमळतं. पुढे बंधन तुटतं आणि सीझनच्या शेवटी ती डेमनला म्हणते की तरीही तूच. हुश्श. प्रश्न सुटला, टाळ्या.

‘बफी’मध्ये सरकारी सैनिकांनी स्पाइकच्या डोक्यात चिप बसवली आहे. माणसावर हात उगारला की त्याच्याच डोक्यात कळ येते. सहाव्या सीझनमध्ये त्याला कळतं की बफीला मारलं तर कळ येत नाही. ती घाबरते: मी परत येताना माणूस म्हणून आलेच नाही का? त्याच रात्री मारामारीतून दोघं एकत्र येतात आणि आजूबाजूचं पडकं घर खरोखर कोसळतं. पुढचे काही आठवडे ती त्याच्याकडे जात राहते, स्वतःचा तिरस्कार करत, त्यालाही तुडवत. मग टारा ही जादू येणारी मैत्रीण तपासून सांगते की तुझ्यात काहीही बिघाड नाही. बफीला हे सुटकेचं वाटायला हवं. ती टाराच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडते, कारण आता सबब उरली नाही. जे करतेय ते तीच करतेय. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. आणि हेही बघा की एका मालिकेत बंधन पुरुषाच्या डोक्यात आहे, दुसरीत बाईच्या रक्तात.

इथे स्पष्ट इशारा. सहाव्या सीझनच्या एकोणिसाव्या एपिसोडात, बाथरूममध्ये, स्पाइक बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो. पार्श्वसंगीत नाही, पांढऱ्या फरशीवरचा कर्कश उजेड फक्त. ती त्याला लाथ मारून दूर करते. हा प्रसंग करताना आपल्याला किती त्रास झाला हे स्पाइक झालेला जेम्स मार्स्टर्स जाहीरपणे बोलला आहे. बऱ्याच जणांसाठी ही जोडी तिथे संपली, आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. तुमच्यासाठी हे बघणं शक्य नसेल तर स्पफी निवडू नका. लांबून वळसा घालून बघता येत नाही, कारण त्यानंतरचं सगळं त्या प्रसंगाला धरूनच आहे. या मालिकेत व्हॅम्पायर झालं की आत्मा जातो; स्पाइक आफ्रिकेत जाऊन परीक्षा देऊन आपला आत्मा परत मिळवतो, आणि आत्मा मिळाल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे त्याला वेड लागतं, कारण सव्वाशे वर्षांचं सगळं एकदम आठवतं. एंजलला आत्मा शाप म्हणून मिळाला होता. हा मागून घेतो. सातव्या सीझनमध्ये बफी त्याला माफ केल्याचं भाषण देत नाही, तोही ते मागत नाही. एका रात्री, सगळ्यांनी तिला घराबाहेर काढलेलं असताना, तो तिला शोधून काढतो, तिच्याबद्दल त्याला काय वाटतं ते सांगतो, आणि ती म्हणते, नुसता जवळ राहशील? पहाटेपर्यंत तो तिला धरून बसतो. तेवढंच.

डेमनही बदलतो, अर्थात. पण त्याचा बदल एलेनाच्या मर्जीनं चढतो-उतरतो. ती बरोबर असली की तो भला. ती गेली की कोणाची तरी मान मोडणार. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तिने नकार दिला आणि त्याने तिच्या भावाचीच मान मोडली; भावाच्या बोटात जादूची अंगठी होती म्हणून तो वाचला. हे असं प्रेम म्हणजे एलेनाला लागलेली चोवीस तासांची ड्युटी.

सासर-माहेरचा एक मुद्दा राहिला. डेमन हा स्टेफनचा थोरला भाऊ, त्यामुळे आपल्या डोळ्यांना हे प्रकरण थोरल्या दिराचं दिसतं आणि पहिल्या सीझनभर चुळबुळ होते. ‘बफी’मध्ये तर एंजलने ड्रुसिलाला व्हॅम्पायर केलं आणि ड्रुसिलाने स्पाइकला, म्हणजे रक्ताच्या नात्यानं एंजल स्पाइकचा आजोबा! आपला वेताळ बरा, प्रश्न विचारतो आणि झाडावर परत लटकतो, असल्या भानगडी नाहीत.

शेवट. डेमनला माणूस होता येतं, एलेना जागी होते, दोघं म्हातारी होईपर्यंत संसार करतात. पण शेवटचं दृश्य नीट बघा. मरणानंतर एलेना आपल्या आईवडिलांकडे धावते, आणि डेमन एका दारात स्टेफनसमोर उभा राहतो. त्या भेटीत पुन्हा तेच ‘हॅलो, ब्रदर’ येतं, पहिल्या एपिसोडात डेमन म्हणाला होता ते. म्हणजे 171 एपिसोडांची खरी जोडी दोन भावांची होती. हे कळल्यावर मला डेलेनाचा राग येणं थांबलं.

स्पाइक–बफीला संसार मिळत नाही. नरकाच्या तोंडाशी तो जळत उभा आहे, ती त्याच्या हातात हात गुंफते, हात पेटतात, आणि ती म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तो म्हणतो, नाहीये गं, पण म्हणालीस हे छान केलंस. ती पळत सुटते, मागे त्यांचं अख्खं गाव, सनीडेल, खड्ड्यात जातं. ते प्रेम होतं की नव्हतं यावर 2003 पासून भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर ती खरं बोलत होती आणि त्याने विश्वास ठेवला नाही, कारण पायरीचं ते वाक्य त्याच्या लक्षात होतं.

तेव्हा निवड अशी करा. रात्री उशीत तोंड खुपसून गोड रडायचंय, जोडी शेवटी एकत्र हवी, देखणे चेहरे आणि वेगवान कथानक हवं: डेमन–एलेना. सहावा सीझन संपला की सरळ आठव्याच्या शेवटच्या एपिसोडावर उडी मारा, मधलं फक्त भावांसाठी. नायिका नायकापेक्षा ताकदवान हवी, प्रेमानं माणसं बिघडतात तेही बघायचंय, मनाची तयारी आहे: स्पाइक–बफी. घाई असेल तर पहिला सीझन दोन-तीन एपिसोडांत उरका आणि दुसऱ्यापासून नीट बसा. तरीही ठरत नसेल तर एका संध्याकाळी दोन एपिसोड लागोपाठ बघा: ‘डायरीज’चा दुसऱ्या सीझनचा आठवा आणि ‘बफी’चा पाचव्या सीझनचा सातवा. खिडकीतला डेमन आणि पायरीवरचा स्पाइक. मागचं-पुढचं काही कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना कुठला प्रसंग डोळ्यांसमोर येतो तेवढं बघा.

मावसबहिणीने हेच केलं. सकाळी साडेसातला तिचा मेसेज: ‘‘ताई, तुझा पायरीवाला चांगलाय. पण मी खिडकीवाल्याकडे चाललेय.’’ सध्या चौथ्या सीझनमध्ये आहे, फोन उचलत नाही, आणि मावशी मला विचारतेय की पोरगी रात्रभर जागून करते काय.